क जीवनसत्त्व, नैसर्गिक व संश्लेषित

क जीवनसत्त्व, नैसर्गिक व संश्लेषित : ताजी फळे व भाज्या यांतून मिळणारे क जीवनसत्त्व आणि कारखान्यात तयार होऊन गोळ्या, चूर्ण वा द्रावण या रूपांत विकले जाणारे क जीवनसत्त्व यांत रासायनिक व शरीरक्रियात्मक दृष्ट्या काही भेद आहे काय, हा प्रश्न १९३०–४० या दशकात संश्लेषित पदार्थ बाजारात आल्यापासून विचारला जात आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाला व्यापारी मूल्य प्राप्त झाल्यानंतर त्यास अधिकच महत्त्व आले. या प्रश्नाचे दोन भाग पाडणे आवश्यक आहे : एक, दोन्ही उगमांपासून मिळणारा रेणू एकच आहे काय, व दुसरा, फळ खाणे व गोळी घेणे यांचा एकंदर परिणाम सारखाच होतो काय. पहिल्याचे उत्तर होकारार्थी, तर दुसऱ्याचे नकारार्थी आहे. ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळल्यामुळेच या विषयात बराच गैरसमज निर्माण झाला आहे.

रासायनिक स्वरूप : क जीवनसत्त्व म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक अम्ल होय. त्याच्या रेणूत कार्बनाचे ६, हायड्रोजनाचे ८ व ऑक्सिजनाचे ६ अणू असून त्याचा रेणुभार सु. १७६ आहे. ते पांढरे, स्फटिकी, आंबट व पाण्यात सहज विरघळणारे असते. कोरड्या स्थितीत ते बरेच टिकाऊ असते. परंतु विद्रावात हवा, उष्णता, क्षारीय पदार्थ आणि विशेषतः तांबे यांच्या सान्निध्यात त्याचे त्वरित ऑक्सिडीभवन होते. त्याच्या संज्ञेतील ‘एल’ हे अक्षर रेणूतील अणूंची अवकाशातील विशिष्ट मांडणी दर्शविते. ही मांडणी बदलली, तर पदार्थाचे जीवनसत्त्व म्हणून असलेले मूल्य जवळजवळ नाहीसे होते. उदा., एरिथॉर्बिक अम्ल हे त्याच अणूंचे बनलेले असून खाद्यपदार्थ टिकविण्यासाठी वापरले जाते. पण स्कर्व्ही या रोगावर ते फारसे गुणकारी नाही.

औद्योगिक निर्मितीत केवळ एल-रूपच तयार होते, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. संश्लेषित ई जीवनसत्त्व हे आठ त्रिमितीय रूपांचे मिश्रण असते आणि त्याची क्रियाशीलता नैसर्गिक रूपाहून कमी असते. त्या जीवनसत्त्वाबद्दलचा हा योग्य निष्कर्ष अनेकदा क जीवनसत्त्वालाही लावला जातो. तो मात्र चुकीचा आहे.

इतिहास : स्कॉटिश वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये सॉल्झबरी या जहाजावर स्कर्व्ही झालेल्या खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले आणि संत्री व लिंबू दिलेले रुग्ण सर्वांत लवकर बरे झाल्याचे त्यांना आढळले. १९०७ मध्ये ॲक्सेल होल्स्ट व टेओडोर फ्रलिक या नॉर्वेजियन संशोधकांनी गिनीपिगमध्ये हा रोग आहाराद्वारे निर्माण करून दाखविला. मानव, माकडे, गिनीपिग व फळे खाणारी वटवाघळे यांच्या शरीरात ॲस्कॉर्बिक अम्ल तयार करणारे अंतिम एंझाइम नसते. म्हणून त्यांना ते अन्नातूनच मिळवावे लागते. बहुतेक इतर सस्तन प्राणी ते ग्लुकोजापासून स्वतःच तयार करतात.

हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बेर्ट सेंट-ड्यर्डी यांनी १९२८ मध्ये हा पदार्थ प्रथम वेगळा केला. तोच क जीवनसत्त्व असल्याचे १९३२ मध्ये त्यांच्या व अमेरिकेतील चार्ल्स ग्लेन किंग यांच्या कार्यामुळे स्पष्ट झाले. सेगेड येथे विपुल पिकणाऱ्या तांबड्या गोड मिरचीपासून सेंट-ड्यर्डी यांनी तो मोठ्या प्रमाणावर मिळविला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन हॉवर्थ व त्यांचे सहकारी यांनी १९३३ मध्ये त्याची संरचना निश्चित केली. त्याच वर्षी हॉवर्थ यांच्या गटाने, तसेच स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी त्याचे स्वतंत्रपणे संश्लेषण केले. हॉवर्थ यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पाउल कारर यांच्याबरोबर विभागून मिळाले व सेंट-ड्यर्डी यांना त्याच वर्षी वैद्यकाचे पारितोषिक मिळाले. राइखश्टाइन यांची पद्धती हॉफमान-ला रोश या स्विस कंपनीने उचलली व १९३४ मध्ये औद्योगिक उत्पादनास प्रारंभ झाला. एरवी दुर्मिळ व महाग असलेला हा पदार्थ त्यामुळे स्वस्त औषध बनला.

औद्योगिक निर्मिती : ‘संश्लेषित’ या शब्दामुळे खनिज तेलापासून बनविलेल्या पदार्थाचे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात कच्चा माल वनस्पतिजन्यच असतो. प्रामुख्याने मक्याच्या पिष्टापासून (स्टार्चपासून) ग्लुकोज मिळवितात. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे हायड्रोजनीकरण केले की सॉर्बिटॉल मिळते. ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडान्स या सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने किण्वन करून त्याचे सॉर्बोजात रूपांतर करतात. राइखश्टाइन पद्धतीत यापुढील टप्पे रासायनिक असतात. चीनमध्ये १९७०–८० या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत सॉर्बोजाचेही दुसऱ्या किण्वनाने २-कीटो-एल-गुलोनिक अम्लात रूपांतर करतात आणि केवळ शेवटचा टप्पा रासायनिक राहतो. ही पद्धती कमी खर्चाची असल्याने जागतिक उत्पादनाचा फार मोठा हिस्सा आज चीनमध्ये केंद्रित झाला आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांतही हेच अम्ल असते व त्यात आवळा, असेरोला किंवा गुलाबफळ यांचे थोडे चूर्ण मिसळलेले असते.

रेणू एकच असल्याने नेहमीच्या रासायनिक परीक्षणाने उगम ओळखता येत नाही. मात्र कार्बनाच्या स्थिर समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून तो बऱ्याच अंशी कळू शकतो. मका, ज्वारी व ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत आवळा, पेरू व लिंबू यांच्याहून वेगळी आहे. परिणामी मक्यापासून आलेल्या कार्बनात १३ अणुभाराच्या समस्थानिकाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. फळांच्या रसात बाहेरून ॲस्कॉर्बिक अम्ल घातले आहे काय, हे तपासण्यासाठी या फरकाचा उपयोग करतात. गहू वा बटाटा यांच्या पिष्टापासून बनविलेले अम्ल मात्र या कसोटीतून निसटू शकते. हा भेद कार्बनाचा इतिहास सांगतो, जीवनसत्त्वाचा गुण नव्हे.

शोषण व जैव उपलब्धता : लहान आतड्यातील पेशींच्या पटलावर असलेली सोडियमावलंबी वाहक प्रथिने ॲस्कॉर्बिक अम्ल आत घेतात. वाहकाला केवळ रेणूचा आकार ओळखता येतो. तो रेणू आवळ्यातून आला की गोळीतून, हे त्यास कळत नाही. वाहकांची क्षमता मर्यादित असल्याने मात्रा वाढत जाते तसे शोषणाचे प्रमाण घटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निरोगी तरुणांवर केलेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०० मिग्रॅ. ची एक मात्रा जवळजवळ पूर्णपणे शोषली गेली, ५०० मिग्रॅ. व त्याहून मोठ्या मात्रांचे शोषण कमी झाले आणि शोषलेला भागही बव्हंशी मूत्रावाटे बाहेर पडला. १,००० मिग्रॅ. ची गोळी ही ५०० मिग्रॅ. च्या गोळीच्या दुप्पट उपयुक्त नसते, असा याचा अर्थ होतो.

दोन्ही उगमांची थेट तुलना करणारे प्रयोगही झाले आहेत. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुणांना सहा आठवडे दररोज ५० मिग्रॅ. क जीवनसत्त्व चघळण्याच्या गोळीतून, तर इतरांना तेवढेच किवी फळातून दिले. रक्तद्रव, पांढऱ्या पेशी व स्नायू यांतील वाढ दोन्ही गटांत सारखीच आढळली. लिंबूवर्गीय फळांच्या अर्कातील जीवनसत्त्व काहीसे अधिक शोषले जाते, असा निष्कर्ष १९८८ मधील एका लहान अभ्यासात निघाला होता. तसेच काही प्राण्यांवरील प्रयोगांत फळाचा वरचष्मा दिसला. परंतु मानवावरील बहुतेक प्रयोगांचा कौल समानतेच्याच बाजूने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात दररोज केवळ १० मिग्रॅ. ॲस्कॉर्बिक अम्लाने स्कर्व्हीची लक्षणे बरी झाली, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

खरे क जीवनसत्त्व हा अनेक घटकांचा समूह असून ॲस्कॉर्बिक अम्ल हे त्याचे केवळ बाह्य कवच आहे, असा एक दावा विक्रेत्यांकडून केला जातो. त्याला आधार नाही. सेंट-ड्यर्डी यांनी १९३६ मध्ये लिंबातील फ्लॅव्होनॉइड द्रव्यांना ‘प जीवनसत्त्व’ असे नाव दिले होते; पण ती द्रव्ये जीवनावश्यक असल्याचे सिद्ध न झाल्याने पुढे ही संज्ञा सोडून देण्यात आली.

फळ व गोळी यांतील भेद : रेणू एक असला, तरी फळ म्हणजे केवळ तो रेणू नव्हे. फळातून व पालेभाजीतून तंतुद्रव्य, फोलिक अम्ल, पोटॅशियम, कॅरोटीन व अनेक फिनॉली द्रव्येही मिळतात. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृद्रोगाचे प्रमाण कमी आढळते. परंतु क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या दीर्घकालीन चाचण्यांत तसा लाभ दिसून आलेला नाही. याचे कारण संश्लेषित रेणू निकृष्ट आहे असे नसून फळाच्या लाभाचे श्रेय एकट्या त्या रेणूला देता येत नाही, हे आहे.

महाराष्ट्रातील दोन अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहेत. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९०–२००० या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी गर्भवतींचा पोषणविषयक अभ्यास केला. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक खाणाऱ्या मातांची बालके जन्मतः मोठी असल्याचे त्यात दिसले. एकूण ऊर्जा वा प्रथिने यांच्यापेक्षा हा संबंध ठळक होता. त्यानंतर मुंबईतील झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनविलेला अल्पोपाहार देण्याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी आहार सुरू केलेल्यांच्या बालकांचे वजन सरासरी सु. ४८ ग्रॅ. अधिक भरले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एका जीवनसत्त्वाचा नसून संपूर्ण अन्नाचा होता.

महाराष्ट्रातील नैसर्गिक स्रोत : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात मोसे नदीवरील वरसगाव जलाशयाभोवती पसरलेला लवासाचा डोंगराळ प्रदेश हा सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात मोडतो. सह्याद्रीच्या पानझडी व निमसदाहरित वनांत आवळा, करवंद, जांभूळ, तोरण इ. रानमेव्याची झाडे आढळतात. यांपैकी आवळा हाच क जीवनसत्त्वाचा ठळक स्रोत होय. तो हिवाळ्यात तयार होतो. कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची महाराष्ट्रातील प्रथा त्याच ऋतूतील आहे.

आंबट चवीवरून क जीवनसत्त्वाचे प्रमाण ठरत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१ पासून प्रचारात असलेल्या कोष्टकांनुसार प्रत्येक १०० ग्रॅ. खाद्य भागात चिंचेच्या गरात केवळ ३ मिग्रॅ., संत्र्यात ३०, लिंबात ३९, पपईत ५७, कोथिंबिरीत १३५, काजूच्या बोंडात १८०, पेरूत २१२, शेवग्याच्या पाल्यात २२० व आवळ्यात ६०० मिग्रॅ. क जीवनसत्त्व असते. याच संस्थेच्या २०१७ च्या नव्या कोष्टकांत पेरूचा आकडा जवळपास तोच राहिला (सु. २१४ मिग्रॅ.); आवळ्याचा मात्र २५२ मिग्रॅ. पर्यंत खाली आला. वाण, पक्वता व भूमी यांनुसार प्रमाण बदलते. शिवाय जुन्या अनुमापन पद्धतीत आवळ्यातील इतर क्षपणकारक द्रव्येही मोजली जाण्याचा संभव असतो. आवळ्यातील टॅनिने जीवनसत्त्वाचे संरक्षण करतात, असे एम्. दामोदरन व के. आर्. नायर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. त्यामुळे वाळविलेल्या आवळ्यात ते इतर फळांच्या मानाने अधिक टिकते. पंजाब प्रांतातील हिस्सार (सध्या हरियाणा) येथील १९३९–४० च्या दुष्काळात स्कर्व्हीच्या रुग्णांना आवळ्याचे चूर्ण देऊन चांगला गुण आला होता. तथापि मोरावळा, आवळकाठी व च्यवनप्राश यांत शिजविणे, वाळविणे व साठविणे यांमुळे ताज्या फळाइतके जीवनसत्त्व राहत नाही.

रोजच्या वापराच्या दृष्टीने पेरूचे महत्त्व आवळ्याहून कमी नाही. ‘सरदार’ (लखनौ-४९) हा देशभर पसरलेला पेरूचा वाण पुण्यातील गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ मध्ये जी. एस्. चीमा यांनी निवड पद्धतीने विकसित केला. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व घेतल्यास धान्य व डाळी यांतील लोहाचे शोषण वाढते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाताच्या जेवणाबरोबर पेरू खाल्ल्याने किशोरवयीनांतील लोहशोषण सु. दुप्पट झाले. स्त्रियांमधील रक्तक्षय ही महाराष्ट्रातील मोठी समस्या असल्याने याचे व्यावहारिक मूल्य मोठे आहे.

भाजी चिरून फार वेळ उघडी ठेवणे, चिरल्यावर धुणे, शिजविलेले पाणी टाकून देणे, खाण्याचा सोडा घालणे व कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजविणे यांमुळे जीवनसत्त्वाचा नाश होतो. कोशिंबीर, जेवताना पिळलेले लिंबू व वरून पेरलेली कोथिंबीर या रूढ रीती त्या दृष्टीने हितकारक आहेत.

आवश्यकता व उणीव : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये दैनिक शिफारस प्रौढ पुरुषासाठी ८० मिग्रॅ., स्त्रीसाठी ६५ मिग्रॅ. व स्तनदा मातेसाठी ११५ मिग्रॅ. अशी ठरविली; पूर्वी ती प्रौढांसाठी ४० मिग्रॅ. होती. एक लहान पेरू ही गरज सहज भागवितो. तरीही उणीव दुर्मिळ नाही. ६० वर्षांवरील व्यक्तींच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतातील ७४ टक्के व दक्षिण भारतातील ४६ टक्के व्यक्तींच्या रक्तात हे जीवनसत्त्व न्यून पातळीवर आढळले. दारिद्र्य, तंबाखूसेवन व घरातील चुलीचा धूर यांचा या उणिवेशी संबंध दिसला. ज्या वृद्धास दातांअभावी कच्ची फळे-भाज्या खाता येत नाहीत किंवा ज्या कुटुंबाला फळ परवडत नाही, त्यांच्या बाबतीत साधी, स्वस्त, संश्लेषित गोळी हे प्रभावी साधन आहे. ती ‘कृत्रिम’ म्हणून नाकारणे अथवा तिच्याऐवजी अनेक पट महाग ‘नैसर्गिक’ गोळी घेणे यात रुग्णाचे नुकसानच होते.

अतिसेवन व दावे : सर्दीविषयीच्या चाचण्यांच्या २०१३ मधील समग्र परीक्षणानुसार दररोज २०० मिग्रॅ. वा अधिक क जीवनसत्त्व नियमितपणे घेतल्याने सर्वसामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. तिचा कालावधी मात्र प्रौढांत सु. ८ टक्के व मुलांत सु. १४ टक्के कमी होतो. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्यास सातत्याने लाभ दिसत नाही. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये या गोळ्यांचा खप फार वाढला. तथापि घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांना दररोज ८,००० मिग्रॅ. देऊन पाहिलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत लक्षणे कमी होण्यास लक्षणीय मदत झाली नाही.

प्रौढांसाठी दररोज २,००० मिग्रॅ. ही सुरक्षित मात्रेची वरची मर्यादा मानतात. त्यापुढे मळमळ व अतिसार होऊ शकतात. शरीरात ॲस्कॉर्बिक अम्लाचे काही अंशी ऑक्झॅलेटात रूपांतर होते. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सु. दुप्पट आढळले. मूतखडा, मूत्रपिंडाचे विकार, थॅलसीमियासारख्या विकारांतील लोहसंचय किंवा जी-६-पीडी या एंझाइमाची न्यूनता असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना मोठ्या मात्रा घेऊ नयेत. मोठ्या मात्रांमुळे रक्तातील व मूत्रातील साखरेच्या काही परीक्षणांचे निष्कर्ष चुकतात. मधुमेही रुग्णांनी याची नोंद घ्यावी. ‘अम्लरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सोडियम ॲस्कॉर्बेटाच्या १ ग्रॅ. मध्ये सु. ११६ मिग्रॅ. सोडियम असल्याने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी तेही विचारात घेणे इष्ट होय. हे धोके मात्रेमुळे उद्भवतात. अर्काच्या रूपाने तेवढेच ‘नैसर्गिक’ जीवनसत्त्व घेतल्यास ते टळत नाहीत. फळे खाऊन एवढी मात्रा गाठणे मात्र व्यवहारात जवळजवळ अशक्य असते.

वेष्टन व कायदा : भारतात पूरक आहारद्रव्यांचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण करते. ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’ अशा शब्दांचा वापर कोणत्या अटींवर करता येईल, हे प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिराती व दावे यांसंबंधीच्या विनियमांत नमूद केले आहे. ग्राहकाने वेष्टनाच्या दर्शनी भागावरील फळाच्या चित्रापेक्षा घटकांची यादी पाहावी. तीत ॲस्कॉर्बिक अम्ल अथवा ॲस्कॉर्बेट असा उल्लेख असल्यास जीवनसत्त्वाचा काही किंवा सर्व भाग औद्योगिक असतो. त्यात दोष नाही. मात्र त्यासाठी फळाच्या अर्काची किंमत मोजण्याचे कारण उरत नाही. ज्यांना फळे व पालेभाज्या मिळतात, त्यांनी त्या खाव्यात. ज्यांना त्या मिळत वा पचत नाहीत किंवा ज्यांच्यात उणीव आढळली आहे, त्यांना अल्प मात्रेची साधी गोळी पुरेशी आहे.